बॅटरी नवी, तरी घड्याळ मागेच: अमळनेरच्या एका घरातलं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. "हाऊ रोज मांगे पडी जास, भो," असं नाना फोनवर म्हणाले आणि लगेच बजावलं, की बॅटरी नवी टाकून झाली आहे, तेव्हा बॅटरीचं नाव काढायचं नाही.

घरच्या संगणकाचं घड्याळ मागे पडायला लागलं की बहुतेक दुरुस्तीवाले मदरबोर्डावरची बटणासारखी बॅटरी बदलतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. इथे ते झालं नव्हतं. दोन वेगवेगळे दोष एकमेकांवर चढून बसले होते, आणि घरातल्यांना तो एकच वाटत होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो.

नाना अमळनेरचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बऱ्याच जुन्या अमळनेरकर कुटुंबांसारखे त्यांच्याकडेही वडिलांपासून आलेले विप्रोचे थोडे शेअर आहेत. ती कंपनी १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, त्यामुळे इथे शेअर हा घरातल्या भांड्यांइतकाच जुना ऐवज असतो. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा नाना स्क्रीनसमोर हजर. घेत काही नाहीत, विकत काही नाहीत, नुसते बघतात. संगणक नऊ दाखवत असताना मोबाइलवर सव्वादहा वाजलेले असत, याचा त्यांना राग होताच. पण फोन केला तो वेगळ्या दिवशी. त्या सकाळी पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००९, आणि ब्रोकरची साइट उघडेना, बँकेची उघडेना. जिथे जावं तिथे "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही".

नेट चालू असताना असं होतं तेव्हा आधी कोपऱ्यातली तारीख बघावी. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल याच्या तारखा असतात, आणि ब्राउझर त्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २००९ म्हणत असेल तर आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, असा त्याचा हिशोब होतो. साइट बरोबर, नेट बरोबर, पण दार उघडत नाही.

यंत्र साधं. जळगावहून असेंबल करून आणलेला डेस्कटॉप, मदरबोर्ड २००९ च्या सुमाराचा, त्यावर विंडोज ७. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० लाच संपलं, तेव्हा त्यावर बँकेचं काम करू नका, हे मी नानांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, एवढंच म्हणता येईल.

माझ्या आधी तीन निदानं होऊन गेली होती. शेजारच्या घरातल्या भाच्यानं व्हायरस ठरवला आणि विंडोज पुसून नवी टाकून दिली. गावातल्या एका दुकानात बॅटरी बदलली. तरी फरक पडेना तेव्हा त्याच दुकानानं "बोर्ड गेला, नवा घ्या" म्हणून सांगितलं. आणि सूनबाईंचं म्हणणं होतं की हे उन्हाचं आहे, कारण सगळं एप्रिलपासून सुरू झालं. व्हायरसचा भाग मी लगेच सोडून दिला. पण उन्हाचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, त्याकडे पुढे येतो.

किती आणि कधी

असल्या तक्रारीत मी आधी दोनच गोष्टी विचारतो: किती मागे पडतं, आणि कधी मागे पडतं. पेचकस त्यानंतर. लोक सहसा "खूप" आणि "नेहमी" अशी उत्तरं देतात. नाना शिक्षक निघाले. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत त्यांनी पेन्सिलीनं रोजची नोंद ठेवली होती, म्हणजे सकाळी मोबाइलशी ताडून संगणक किती मागे होता ते. त्याचा फोटो त्यांनी पाठवला. एका आठवड्याच्या ओळीत होतं: ४० मि., २ ता. १० मि., ०, १ ता. २५ मि., ०, ५५ मि., आणि रविवारी ३० मि. पुढच्या ओळीत असेच वाकडेतिकडे आकडे, मधून मधून शून्य, आणि रविवारी पुन्हा ३० मि.

या दोन ओळींनी निम्मं काम केलं. ज्याचं घड्याळ रोज सारखंच मागे पडतं त्याचा दोष एका जातीचा असतो, आणि ज्याचं कधी चाळीस मिनिटं, कधी दोन तास, कधी अजिबात नाही, त्याचा दुसऱ्या जातीचा. इथे दोन्ही दिसत होते. वाकडे आकडे म्हणजे घड्याळ मध्येच कुठेतरी थांबतंय. पण बरोबर तीस मिनिटं, तीही आठवड्याच्या आठवड्याला, हे थांबणाऱ्या घड्याळाचं लक्षण नव्हे. बिघाड असा गोल आकडा देत नाही. गोल आकडा माणसानं कुठेतरी निवडलेला असतो.

शून्यांचं कोडं सूनबाईंनी सोडवलं. ज्या रात्री नात उशिरापर्यंत सीईटीचा अभ्यास करत बसते, त्या रात्री संगणक ती बंद करते. ती स्टार्टमधून शटडाउन करून तशीच झोपायला जाते. इतर रात्री नाना बंद करतात, आणि नाना शटडाउन झाल्यावर भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करतात. आमच्या भागात ही सवय जुनी आहे. वीज जाते-येते, झटका बसतो, म्हणून रात्री सगळी बटणं खाली.

एका पेटीत दोन घड्याळं

संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डावरचं, संगणक बंद असतानाही चालणारं. दुसरं विंडोजचं स्वतःचं. सुरू होताना विंडोज मदरबोर्डाला एकदा वेळ विचारते आणि मग दिवसभर आपल्या हिशोबानं चालते. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत ते पहिलं घड्याळ नव्हतंच. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर तारीख आणि वेळ हातानं भरावी लागे. बॅटरीवर चालणारं घड्याळ १९८४ च्या पीसी-एटीत मोटोरोलाच्या एका चिपच्या रूपानं आलं. त्या चिपमध्ये ६४ बाइटची स्मृती होती. त्यातले १४ घड्याळाचे, उरलेले ५० यंत्राच्या सेटिंगसाठी. पुढे हे सगळं मदरबोर्डाच्या मुख्य चिपसेटमध्ये सामावलं, पण जोडी तुटली नाही. म्हणूनच बॅटरी पूर्ण संपली की वेळ आणि सेटिंग दोन्ही एकदम जातात, आणि सुरू होताना काळ्या पडद्यावर "एफ-१ दाबा" येतं.

आता बटणाचा संबंध. संगणक शटडाउन केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय मदरबोर्डाला पाच व्होल्टची एक बारीक धार देतच राहतो. कीबोर्ड दाबून किंवा नेटवरून संगणक जागा करता येतो तो याच्यावर, आणि तेवढा वेळ घड्याळही त्याच्यावरच चालतं, बॅटरीला हात लागत नाही. बटण बंद झालं की मात्र घड्याळ एकट्या बॅटरीवर येतं. म्हणजे नातीच्या रात्री बॅटरीची परीक्षाच होत नव्हती. नानांच्या रात्री होत होती, आणि ती नापास होत होती.

हा अंदाज होता. पुरावा हवा होता. नानांनाच फोनवर सांगून मी तीन गोष्टी करवून घेतल्या. आधी नेटची वायर काढून, विंडोजमधलं "इंटरनेट टाइम" बंद करून, संगणक सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवला. मोबाइलशी फरक डोळ्यांना दिसण्याइतका पडला नाही, म्हणजे विंडोजचं घड्याळ निर्दोष. मग रात्री शटडाउन, पण भिंतीवरचं बटण चालू. सकाळी फरक नाही. तिसऱ्या रात्री शटडाउन आणि बटणही बंद. सकाळी विंडोज सुरू होऊ न देता, डिलीट दाबून, बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगच्या, निळ्या पानावर जायचं आणि तिथली वेळ बघायची. तिथे दिसते ती मदरबोर्डाची खरी वेळ, विंडोजची नव्हे. ती जवळजवळ दोन तास मागे होती.

ही तिसरी पायरी लोक टाळतात, आणि तिथेच फसतात. विंडोज सुरू झाली की तिनं कुठून, कधी वेळ दुरुस्त केली ते सांगता येत नाही. बायोसच्या पानाला असली लबाडी जमत नाही.

उन्हाचा हिशोब

सूनबाईंच्या म्हणण्यात तथ्य किती ते मोजता येतं, म्हणून मोजू. मदरबोर्डाच्या घड्याळाचा ठोका देतो तो क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: त्याचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. हा स्फटिक सुमारे २५ अंश तापमानाला सर्वांत अचूक असतो. तापमान त्याच्या वर गेलं तरी तो हळू होतो आणि खाली गेलं तरी हळूच होतो. जितकं दूर, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. साधारण सूत्र असं: २५ पासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला ०.०३५ नं गुणायचं. येईल तितके दशलक्षांश घड्याळ मागे पडणार.

खोलीत ४५ अंश धरले तर फरक २०, वर्ग ४००, म्हणजे १४ दशलक्षांश. दिवसाला ८६,४०० सेकंद असतात, त्यातले सव्वा सेकंद गेले. पेटीच्या आत ५५ अंश धरले तर साडेएकतीस दशलक्षांश, म्हणजे दिवसाला पावणेतीन सेकंद. स्फटिकाची कारखान्यातली चूक साधारण वीस दशलक्षांशांपर्यंत असते, ती वर टाकली तरी दिवसाला साडेचार सेकंदांच्या पुढे जात नाही. खानदेशातला वैशाख कितीही कडक असला तरी तो घड्याळाचे दोन तास खाऊ शकत नाही. सेकंद खातो.

तेव्हा सूनबाईंचं निरीक्षण खरं आणि कारण चुकीचं. एप्रिलपासून बिघडलं हे बरोबर. पण एप्रिलमध्ये या घरात आणखी एक गोष्ट सुरू होते. ती मला तिथे गेल्यावर दिसली.

पेटी उघडल्यावर

संगणकाचं टेबल खिडकीशी, आणि खिडकीत कूलर. कूलरच्या जाळीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. रात्रभर दमट वाऱ्याचा झोत थेट पेटीच्या मागच्या बाजूवर. मागचं झाकण काढलं तर पंख्यावर कापसाचा पिंजलेला थर बसलेला. जिनिंगच्या पट्ट्यात असल्या पेट्या रोज उघडतो, त्यामुळे त्याचं आश्चर्य नाही. वायर भिंतीतून काढली, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ दिली, आणि मल्टिमीटर लावला.

बॅटरी तिच्या घरातच ठेवून मोजायची, हे महत्त्वाचं. बाहेर काढून मोजली तर कमकुवत बॅटरीसुद्धा छान आकडा दाखवते, कारण तिच्यावर काही ओझंच नसतं. लाल टोक बॅटरीच्या वरच्या चकचकीत पत्र्यावर, काळं टोक पेटीच्या उघड्या लोखंडावर. मीटरवर आले १.९ व्होल्ट, आणि आकडा स्थिर नव्हता, १.८ आणि २.१ च्या मध्ये हलत होता. पेनाच्या प्लॅस्टिकच्या मागच्या टोकानं बॅटरी हलकेच दाबली. मीटर सरळ ३.१ वर गेला. पेन उचलला, पुन्हा १.९.

नाना मागे उभे राहून बघत होते. त्यांना पेन हातात देऊन पुन्हा दाबायला लावला. बॅटरी चांगली आहे आणि तरी दोष बॅटरीपाशीच आहे, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

खिटी बाजूला केली आणि बॅटरी नखानं वर उचलली. तिच्यावर छापलेलं होतं सीआर २०२५. या बोर्डाला लागते सीआर २०३२. दोन्ही तीन व्होल्टच्या, दोन्ही वीस मिलिमीटर रुंद, वरून बघितल्या तर जुळ्या. शेवटचे दोन अंक जाडीचे असतात: २०३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर, २०२५ म्हणजे २.५. सात दशांश मिलिमीटरचा फरक. बॅटरीच्या घरात खाली पितळेची एक लवचीक जीभ असते, ती बॅटरीच्या तळाला टेकून ऋण टोक जोडते. पातळ बॅटरी तिच्यावर नीट दाबून बसत नाही.

बसवणाऱ्याला हे कळलं होतं. त्यानं फट भरून काढली होती. जिभेवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चार घड्या घालून ठेवलेला होता, चांदी बाहेर, कागद आत. घरात कुणी सिगारेट ओढत नाही, तेव्हा तो कागद कुठून आला याची चौकशी करायची गरज नव्हती. सुरुवातीला त्यानं काम भागलं असणार. पण अ‍ॅल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. कागदाची घडी गरम-थंड होऊन दबते, सैल होते. त्यात रात्रभर कूलरचा ओला वारा. कागदाच्या कडेला हिरवट-पांढरी पूड दिसत होती, आणि पितळेच्या जिभेचं टोक काळं पडलं होतं. एप्रिलमध्ये कूलर लागला आणि आधीच कच्चा असलेला सांधा आणखी कच्चा झाला, असं माझं मत आहे. ऊन नव्हे, उन्हावरचा उपाय.

सांधा कच्चा असेल तर घड्याळ पूर्ण बंद का पडलं नाही, मध्येच थांबून पुन्हा कसं चालू झालं, असं नानांनी विचारलं, आणि प्रश्न चोख होता. घड्याळ बॅटरीतून घेतं किती, तर काही मायक्रोअँपिअर. अँपिअरचे काही दशलक्षांश. इतक्या कमी प्रवाहाला खराब सांधासुद्धा पूर्ण अडवत नाही, फक्त व्होल्ट खातो. सांध्याचा रोध दोन लाख ओहम आणि प्रवाह पाच मायक्रोअँपिअर धरा, एक व्होल्ट तिथेच गेला. अशा चिपसेटच्या घड्याळाला चालायला साधारण दोन व्होल्ट लागतात. त्याच्या जरा खाली गेलं की स्फटिकाची थरथर थांबते, पण स्मृतीत लिहिलेली वेळ अजून पुसली जात नाही. जवळून ट्रक गेला, टेबल हललं, सांधा थोडा जुळला, की घड्याळ थांबल्या जागेवरून पुढे चालू. म्हणून कधी चाळीस मिनिटं, कधी दोन तास. आणि एका रात्री सांधा पुरता सुटला, स्मृती गेली, आणि बोर्डानं स्वतःची जन्मतारीख समजावी तशी कारखान्यातली तारीख लावली: १ जानेवारी २००९.

जीभ खोडरबरानं घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, प्लॅस्टिकच्या पट्टीनं किंचित वर उचलली. माझ्याकडची सीआर २०३२ बसवली, छापलेली बाजू वर ठेवून. बॅटरीच्या घरात मोजलं: ३.२, दाबलं तरी ३.२. याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. बॅटरी काढली की सेटिंग मूळपदावर जाऊ शकतं, आणि हार्ड डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली तर विंडोज निळा पडदा दाखवून उठतच नाही. मग माणूस घड्याळ दुरुस्त करायला जातो आणि डिस्क गेली म्हणून रडत येतो. इथे काही बदललं नव्हतं. आणि काढलेली बॅटरी लगेच खिशात टाकली. घरात लहान मूल असेल तर असली बॅटरी टेबलावर सोडू नये. गिळली तर ती अन्ननलिकेला काही तासांत भाजते.

राहिला अर्धा तास

काम संपलं असं नानांना वाटलं. कॅलेंडरवरच्या तीस मिनिटांचा हिशोब अजून बाकी होता. घड्याळ मोबाइलशी जुळवलं, नेटची वायर जोडली, "इंटरनेट टाइम"मध्ये "आता अद्ययावत करा" दाबलं. घड्याळ नानांच्या डोळ्यांदेखत अर्धा तास मागे गेलं.

टाइम झोन उघडला. निवडलेलं होतं: यूटीसी (म्हणजे जागतिक वेळ) अधिक पाच तास, इस्लामाबाद, कराची.

"कराची? काबरं?" नाना म्हणाले.

भाच्यानं विंडोज नवी टाकली तेव्हाचं हे. यादी लांब असते, आपली ओळ साडेपाचची, "चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली" अशी. घाईत वरची ओळ दाबली गेली. नेटवरून येणारी वेळ नेहमी जागतिक असते, तिच्यात पाच की साडेपाच मिळवायचे हे संगणक ठरवतो. तो पाच मिळवत होता. नाना रोज हातानं वेळ पुढे करत, आणि जुन्या विंडोजमध्ये आठवड्यातून एकदा आपोआप होणारी नेटची जुळणी ती पुन्हा अर्धा तास मागे आणत असे. रविवारचा आकडा हा. नाना आणि नेट यांच्यात महिनाभर ओढाताण चाललेली होती आणि दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते.

इथे भूगोलाचा शिक्षक जागा झाला. नानांनी हिशोब केला: भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, एका अंशाला चार मिनिटं, आणि "आपलं गाव पंचाहत्तरवर शे." साडेसात अंश, तीस मिनिटं. १९०६ ला प्रमाणवेळ लागू होण्याआधी सूर्य पाहून अमळनेरात जी वेळ मोजली गेली असती ती जवळजवळ हीच, यूटीसी अधिक पाच. कराचीचं गाव खुद्द ६७ रेखांशावर आहे, तेव्हा ही वेळ सूर्याच्या दृष्टीनं कराचीपेक्षा अमळनेरलाच जास्त शोभते. हा आनंद त्यांना मनसोक्त घेऊ दिला आणि मग टाइम झोन बदलला.

ज्यांच्याकडे असा गोल आकडा येतो त्यांनी पेटी उघडूच नये. अर्धा तास असेल तर टाइम झोन. बरोबर साडेपाच तास असतील तर बहुधा एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत: विंडोज मदरबोर्डावर स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स जागतिक वेळ लिहितं, आणि दोघं एकमेकांचं लिहिलेलं चुकीचं वाचतात. दोन्हींपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवली की भांडण मिटतं.

एक शंका उरते. नेटची जुळणी चालू होती, मग २००९ ची तारीख आपोआप दुरुस्त का झाली नाही? कारण विंडोज तेवढी मोठी दुरुस्ती करतच नाही. घरगुती संगणकावर ठरलेली मर्यादा ५४,००० सेकंदांची, म्हणजे पंधरा तासांची असते. फरक त्याहून मोठा असेल तर वेळ सांगणाराच खोटा असेल असं धरून ती नकार देते, आणि तारीख आधी हातानं नीट करा असा संदेश देते. त्या सकाळी तो संदेश पडद्यावर आलेला होता. घरात त्याचा अर्थ "नेट खराब आहे" असा लावला गेला होता, आणि इंग्रजीतली ती चौकट कुणी पूर्ण वाचली नव्हती. असा प्रसंग आला तर तारीख, महिना, वर्ष आणि तास हातानं भरावेत; मिनिटं-सेकंद नेट बघून घेतं.

नेटची जुळणी मी त्या दिवशी मुद्दाम बंदच ठेवली. ती चालू असती तर मदरबोर्डाचं घड्याळ खरंच सुधारलं की नेट त्याची चूक झाकतंय ते कळलं नसतं. नानांना म्हटलं, रात्रीची बटणं तुमच्या सवयीप्रमाणे बंद करत राहा, आणि कॅलेंडरवर नोंद ठेवा, यावेळी सेकंदांत. कूलरचं तोंड तेवढं फिरवून घेतलं.

वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा होऊन गेल्यावर नानांचा फोन आला. महिन्यात घड्याळ दीड मिनिट मागे पडलं होतं. दिवसाला तीन सेकंद, म्हणजे वर मांडलेल्या स्फटिकाच्या हिशोबाच्या आत. हे मात्र उन्हाचं आणि स्फटिकाचं, असं सूनबाईंना कळवायला सांगितलं. मग "इंटरनेट टाइम" पुन्हा चालू करून घेतला आणि सर्व्हरच्या जागी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा पत्ता टाकला. भारताची प्रमाणवेळ अणुघड्याळांवर तीच सांभाळते. पत्ता टंकताना नाना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होते: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी.

सीआर २०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. बॅटरी सतत वापरात राहिली आणि पाच मायक्रोअँपिअर गेले तरी ४४,००० तास, पाच वर्षं. नानांचा संगणक दिवसा विजेवरच असतो, तेव्हा त्याहून जास्त टिकावी. पुढच्या वेळी बदलताना काय मागायचं ते त्यांनी पेटीच्या मागच्या झाकणावर स्केच पेननं लिहून ठेवलं आहे, आणि शेवटच्या "३२" खाली दोन रेघा मारल्या आहेत.